डिकीत बसवलेली भेट

प्रेमानं दिलेल्या वस्तूला नाही म्हणू नये, असं माझी आई म्हणायची. आईचं काय जात होतं म्हणायला? तिला जन्मात कुणी काही दिलंच नव्हतं. मला दिलं. माझ्याच हाताखाली तयार झालेल्या माणसांनी दिलं, आणि असं दिलं की आजही त्याचं नाव निघालं तरी माझं डोकं फिरतं. गाडीच्या डिकीत बसवलेला वूफरचा बॉक्स. लोक हसतात. म्हणतात, एवढ्याशा खोक्यावरून माणूस इतका कडू होतो का? होतो. आधी सगळं ऐका, मग हसा.

आमचं घर सरावलीला. वडील साताऱ्याकडचे, तारापूरच्या एका कंपनीत चिकटले म्हणून इकडे आले, आणि मी इथलाच होऊन गेलो. माझा धंदा लायनिंगचा. तो बाहेरच्या माणसाला समजावून सांगावा लागतो, कारण हे काम कुणाला दिसत नाही, ते टाकीच्या पोटात असतं. इथल्या कंपन्यांमध्ये ॲसिड साठवायच्या लोखंडी टाक्या असतात. ॲसिड लोखंड खातं. म्हणून टाकीला आतून फायबरचं अस्तर चढवायचं. माणूस टाकीत उतरतो, ग्राइंडरनं लोखंड घासून उघडं करतो, त्यावर रेझिन, म्हणजे पाकासारखं चिकट रसायन, फासतो, काचेच्या धाग्यांची मॅट अंथरतो, पुन्हा रेझिन, मग रोलर दाबून आतली हवा काढतो, पुन्हा मॅट. रेझिनमध्ये हार्डनर घातलेला असतो, त्यामुळं ते थोड्या वेळात गोठतं आणि वाळल्यावर दगडासारखं होतं.

या कामात सगळी मेख घासण्यात आहे. वरवर घासलं की अस्तर काही महिन्यांत फुगतं, त्याच्या मागं ॲसिड शिरतं, आणि मग टाकीखाली उभ्या असलेल्या माणसाचं काय होतं ते मी पाहिलेलं आहे. म्हणून नवीन आलेल्या प्रत्येकाला मी पहिल्याच दिवशी सांगायचो: रंगावर चिकटवशील तर रंगाबरोबर निघेल, लोखंडावर चिकटव, म्हणजे लोखंडाबरोबरच निघेल. ज्या शेठकडे मी कामाला होतो त्याच्या शेडमधल्या सगळ्यांना हे वाक्य पाठ होतं. माझी नक्कल करायची असली की हेच वाक्य म्हणून दाखवायचे.

रेझिनचा वास मात्र कुणाला शिकवावा लागत नाही. नेलपॉलिशची बाटली नाकाशी धरून दिवसभर बसा, म्हणजे थोडी कल्पना येईल. टाकीत वरून पंखा सोडलेला असतो, तोंडाला मास्क असतो, तरी तो वास केसात बसतो, भाकरीला लागतो, घामातून बाहेर येतो. निम्मं आयुष्य मी त्या वासात काढलं आणि कधी कुरकुर केली नाही. मग खोकला लागला. आधी सकाळचा, मग दिवसभराचा, मग जिना चढताना मध्येच थांबवणारा.

पालघरच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाला धरला आणि विचारलं, "काय काम करता?" मी सांगितलं. ते म्हणाले, "आता टाकीत उतरायचं नाही. एकदाही नाही." मी म्हटलं, "मास्क लावून उतरलो तर?" ते म्हणाले, "आतापर्यंत मास्क लावूनच उतरत होतात ना?" बायको शेजारी बसली होती. बाहेर आल्यावर ती रस्त्यातच म्हणाली, "हे काम सोडा. मला पांढरं कपाळ घेऊन हिंडायचं नाही." आमच्याकडे बायका असं तोंडानं बोलत नाहीत. ती बोलली.

त्या दिवसापासून तिनं एक सवय लावून घेतली. मी घरी आलो की दारातच शर्ट काढायला लावायची आणि नाकाला लावून हुंगायची. काम सुटेपर्यंत रोज तेच. "आज उतरलात," म्हणायची, आणि शर्ट बादलीत टाकायची. मी खोटं बोलून बघितलं, पण कपडे खोटं बोलत नाहीत. ज्या दिवशी शर्टाला वास येणार नाही त्या दिवशी हुंगायचं थांबवीन, असं तिनं सांगून ठेवलं होतं.

तर काम सोडून करायचं काय? त्याचं उत्तर बोईसर स्टेशनाबाहेरच उभं होतं. इथं कंपन्यांत आणि वीज केंद्रात कामाला असलेली निम्मी माणसं बाहेरगावची. दिवाळीला गावी जातात, परत येताना तांदूळ, शेंगा, पापड, लोणचं, सासूनं दिलेली पातेली असं सगळं घेऊन उतरतात. रिक्षात माणसं बसली तर सामान बसत नाही, आणि सामान बसलं तर माणसं लोंबकळतात. मी म्हटलं, मोठ्या डिकीची एक सेकंडहँड गाडी घ्यायची, टॅक्सीची पासिंग करून घ्यायची आणि हीच माणसं घरपोच सोडायची. मोकळी हवा, खिडकी उघडी, दिवसभर बसून काम. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "उत्तम."

गाडी बघायला गेलो तेव्हा विकणारा बिचारा बॉनेट उघडून इंजिनाचं कौतुक सांगत होता. मी म्हटलं, इंजिन राहू दे, डिकी उघड. आत वाकून, हात घालून, कोपरे चाचपून बघितले. खाली स्टेपनीचा खड्डा, त्यावर झाकण, दोन्ही बाजूला चाकांचे उंचवटे, आणि तरी दोन मोठ्या बॅगा आणि एक पोतं सहज मावेल अशी जागा. बायको म्हणाली, "गाडी घेताय की कपाट?" बऱ्याच दिवसांनी ती अशी थट्टेनं बोलली होती. ती गाडी मी त्याच दिवशी नक्की केली.

टॅक्सीचे कागद व्हायला वेळ होता. तेवढ्यात बायकोनं हट्ट धरला की पहिलं भाडं घ्यायच्या आधी गाडीची चावी साताऱ्याकडच्या कुलदैवताच्या पायावर ठेवून आणायची. कागद नसताना गाडी तेवढ्या लांब कुठं न्यायची, म्हणून आम्ही एसटीनंच निघालो. आमच्या गल्लीत गाडी लावायला जागा नव्हती, म्हणून ती शेडच्या आवारात ठेवली. एक चावी देवासाठी माझ्या खिशात, आणि दुसरी वाणगावच्याकडे.

वाणगावचा म्हणजे माझा पहिल्या नंबरचा चेला. वाणगावच्या आतल्या पाड्यावरचा, घरी डोंगराकडेला पावसावरची भातशेती, पाऊस संपला की घरातली सगळी कामाला बाहेर. हा माझ्याकडे आला तेव्हा ग्राइंडर धरायला घाबरत होता. मी त्याला घडवला. हाताला चांगला, जिभेला गोड, आणि एकच वेड: वूफर, गाण्याचा ठोका जमिनीतून उठवणारा मोठा स्पीकर. आमच्या भागात लग्नापेक्षा हळद मोठी. हळदीला अंगण हादरलं नाही तर पाहुणे म्हणतात घरात कुणी मेलं का. या पट्ठ्यानं एक भलामोठा वूफर हौसेनं घेऊन ठेवला होता, कापडात गुंडाळून, माळ्यावर. तो कुणाला उसना देत नसे. म्हणायचा, "त्यो माझ्या हळदीलाच वाजल." त्याच्या लग्नाची बोलणी चालूच होती.

गावाहून परतल्यावर मी थेट शेडवर गेलो. माझा कामाचा हिशोब आधीच मिटला होता, फक्त गाडी घ्यायची होती. आवारात बघतो तर गाडी धुतलेली, पुढं झेंडूचा हार, चाकांखाली लिंबं. शेडमधली सगळी माणसं रांगेनं उभी, शेठसुद्धा. वाणगावच्या हातात नारळ. म्हणाला, "दादा, आज तुमी काय बोलायचं नाय. आमी दिलंय ते बघायचं."

आणि डिकी उघडली.

आत डिकी उरलीच नव्हती. तळापासून वरच्या काठापर्यंत, एका चाकाच्या उंचवट्यापासून दुसऱ्यापर्यंत, एक काळाभोर गुळगुळीत डोंगर भरला होता. फायबरचा. कोपऱ्यांत, वळणांत, पत्र्याच्या प्रत्येक घडीत शिरलेला, जसा आम्ही टाकीत भरतो तसा. आणि त्याच्या मधोमध तो वूफर. माळ्यावरचा, कापडात गुंडाळलेला. हळदीचा.

मी बघतच राहिलो. त्यांना वाटलं मला भरून आलंय. वाणगावचा शेजारी येऊन एकेक दाखवायला लागला. वूफरला पोट मोठं लागतं, नाहीतर आवाज खोल येत नाही, म्हणून त्यानं स्टेपनी काढून तो खड्डासुद्धा बॉक्समध्येच घेतला होता. "लाकडाचा बॉक्स कोन बी करतो दादा. समुद्राची हवा लागली की फुगतो. ह्यो नाय फुगायचा." ॲसिडच्या टाकीला लागतं ते चांगलं रेझिन वापरलं होतं, शेठच्या परवानगीनं. थर टाकीइतकेच. शेडमधला उत्तरेकडचा कारागीर मागून म्हणाला, "उस्ताद, इसमें तेजाब भी भर सकते हो." सगळे हसले. मीही हसलो.

मग मी विचारलं. अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "हा काढता येतो ना रे, लागला तर?"

वाणगावच्याची छाती फुगली. म्हणाला, "काढता? दादा, तुमचं शिक्षण हाय. रंग पार उडवून पत्रा उघडा केला, मंग चिकटवला. जलमात नाय निघायचा."

लाकडी बॉक्स बनवणारा कुठलाही मेकॅनिक तो चार बोल्टवर बसवतो, चार बोल्ट काढून उचलतो. फायबरचा बनवायचा तरी आधी डिकीला कागद चिकटवतात, त्यावर थर देतात, वाळला की साच्यासारखा सोडवून घेतात. साध्या माणसाला हे सुचतं. आमच्या माणसांना कसं सुचावं? आयुष्यभर त्यांनी एकच केलं होतं, न सुटणारी गोष्ट चिकटवणं. गुरूची विद्या गुरूला फळली म्हणतात ती अशी.

नारळ फुटला, वूफर लागला. पहिला ठोका पडला तेव्हा आवाराचं पत्र्याचं फाटक थरथरलं. माणसं नाचायला लागली, शेठनं हात वर केले, आणि त्या धक्क्यासरशी डिकीतून वास आला. तोच. ओल्या रेझिनचा. मला खोकल्याची उबळ आली आणि मी गाडीला धरून उभा राहिलो. वाणगावचा पाठीवरून हात फिरवत म्हणाला, "थोडा वास येल दादा. डिकीत वळायला जागा नव्हती, म्हनून हार्डनर कमी टाकला, नायतर माल हातातच गोठला असता." हार्डनर कमी पडला की रेझिन आतून अर्धकच्चं राहतं आणि महिनोन्महिने वास सोडत राहतं. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं असं नाही. पण त्याला वाटलं, डिकीच तर आहे, टाकी थोडीच आहे.

तेव्हाच का नाही बोललास, असं मला सगळे विचारतात. कसं बोलणार, सांगा ना? समोर माणसं नाचतायत. त्यानं आपल्या हळदीचा वूफर माझ्या गाडीत घातलाय, घामाघूम होऊन, डिकीत अंग दुमडून. त्याला म्हणू, बाबा, तू माझं वाटोळं केलंस? भीक नको पण कुत्रं आवर, अशी माझी गत. मी म्हटलं, "फार छान केलंय रे." स्टेपनी पुढच्या सीटवर ठेवली, तिला पट्टा लावला आणि घरी आलो.

बायकोनं डिकी बघितली. मग मला बघितलं. "सामान कुठं ठेवणार?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, बघू. ती म्हणाली, "त्यांना सांगितलं नव्हतं तुम्ही, गाडी कशाला घेतली ते?" सांगितलं होतं. टॅक्सी करणार, हे सगळ्यांना माहीत होतं. पण त्यांच्या डोक्यात टॅक्सी म्हणजे दिवसभर गाणी ऐकत फिरणारा माणूस. टाकीत उतरणाऱ्याला बाहेरचं कुठलंही काम चैनच वाटतं.

कागद आले आणि मी स्टेशनाला उभा राहिलो. पहिलं गिऱ्हाईक मिळालं ते एक जोडपं, दिवाळी करून गावाहून परतलेलं, वीज केंद्राच्या वसाहतीत जायचं होतं. बॅगा, पोतं, बरणी. माणूस मागं जाऊन डिकी उघडायला लागला, मी म्हटलं, "नको, सामान सीटवर घेऊ." त्यानं तरी उघडली. आत बघून म्हणाला, "मग डिकी ठेवली कशाला?" पोतं पुढं स्टेपनीवर, बॅगा त्यांच्या मांडीवर, बरणी बाईच्या हातात. गाडी उन्हात उभी होती, आत तापली होती. सरावलीच्या अलीकडेच बाईनं पदर नाकाला लावला. "अहो, वास कसला येतोय?"

आता आमच्या भागात ही गोष्ट साधी नाही. इथं वास आला की माणूस आधी वारा कुठून येतोय ते बघतो, मग पोरांना घरात घेतो, मग नातेवाइकांना फोन लावतो. त्या माणसानं झटकन काचा वर केल्या, गॅस आत येऊ नये म्हणून. वास दुप्पट झाला. बाई म्हणाली, "कुठल्यातरी कंपनीतून सुटलाय." माणूस फोनवर कुणाला तरी सांगायला लागला की दारं-खिडक्या लावून घ्या. मला वाटलं मान खाली घालून गाडी चालवावी. पण शेवटी सांगितलं, "गॅस नाही हो. गाडीचाच वास आहे." बाई बरणी घेऊन तिथंच उतरली. ते लोक माझ्या डोळ्यांदेखत रिक्षात बसून गेले, सामान लोंबकळत.

मी वर कॅरिअर लावून घेतला. म्हटलं, सामान टपावर जाईल. गेलं. पण वासाचं काय करणार? कापूर ठेवला, कॉफीची पूड ठेवली, लिंबं कापून ठेवली, आठवडाभर दारं उघडी टाकून गाडी उन्हात ठेवली. वास जरा मवाळ झाला की दुपारी पत्रा तापायचा आणि पुन्हा नव्यानं सुटायचा. स्टँडवरचे ड्रायव्हर मला डीजेवाला म्हणायला लागले. गाडी पाहिजे असायची ती फक्त हळदीवाल्यांना. ती पोरं मात्र डिकी उघडी टाकून, वूफर पूर्ण सोडून, माझ्याच गाडीमागं नाचायची, आणि मी पुढच्या सीटवर खोकत बसायचो. असून अडचण नसून खोळंबा म्हणतात, तर माझ्या नशिबी नुसती असून अडचण आली.

आणि घरी शर्ट. पहिल्या संध्याकाळी तिनं तो नाकाला लावला आणि तिचा चेहरा उतरला. "उतरलात ना पुन्हा?" मी म्हटलं, अगं नाही, गाडीचा वास आहे. तिनं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. एके दिवशी ती जिना उतरून खाली आली, गाडीत मागच्या सीटवर बसली, दार ओढून घेतलं आणि काच लावून घेतली. बराच वेळ बसली. बाहेर आली तेव्हा डोळ्यांना पाणी होतं, वासानं की कशानं कुणास ठाऊक. म्हणाली, "तुम्ही टाकीतून बाहेर आलात आणि टाकीच बरोबर घेऊन आलात. हे काढून टाका."

मी दोन गॅरेज फिरलो. दोघांनी टकटक वाजवून बघितलं आणि हात जोडले. हे आमचं काम नाही म्हणाले, ज्यांनी घातलंय त्यांनाच काढता येईल. मला स्वतःला काढता आलं असतं. पण लायनिंग काढताना जी धूळ उडते ती काचेची असते, आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं ते बायकोच्या कानांनीही ऐकलं होतं. म्हणजे राहिला एकच माणूस.

वाणगावच्याकडे जाऊन मी बोललो. जमेल तितकं हळू बोललो. छाती, डॉक्टर, सामान, वास, सगळं सांगितलं. तो जमिनीकडे बघत ऐकत होता. मग म्हणाला, "त्याच दिशी सांगायचं होतं ना दादा. ओला असतानाच मी तो काढला असता." खरं होतं त्याचं. पण मला राग आला. म्हटलं, "तू विचारायचं होतंस." तो म्हणाला, "सुट्टीच्या दिशी गाडी आना." आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणाला दोष द्यायचा?

सुट्टीच्या दिवशी शेडच्या आवारात काढायला घेतला. बायको बरोबर आली होती. वारा कुठून येतोय ते बघून तिनं मला फाटकापाशी उभं केलं आणि माझं मनगट धरून ठेवलं, जत्रेत पोराचं धरतात तसं. वाणगावच्यानं आधी वूफरचे स्क्रू काढले, तो पुसला, कापडात गुंडाळला आणि बाजूला ठेवला. मग मास्क चढवून डिकीत शिरला. वरचं कवच ग्राइंडरनं कापलं गेलं, तुकडे निघाले. बायकोची पकड जरा सैल झाली. मलाही वाटलं, जमतंय.

मग तळ आला. छिन्नी घालून, हातोडा मारून त्यानं एक कडा उचलली. ती उचलली आणि तिच्याबरोबर पत्राही उचलला गेला. मी लांबून ओरडलो, थांब, थांब. पण तोवर स्टेपनीच्या खड्ड्याचा सगळा घेर, चाकाच्या उंचवट्यापर्यंत, चपातीसारखा सोलून वर आला होता. फायबरला मागं पत्रा तसाच घट्ट बसलेला, एक टवकाही सुटला नव्हता. डिकीच्या जागी आता खालची जमीन दिसत होती.

वाणगावच्यानं मास्क काढला. तो तुकडा उलटा करून बघितला. मग आमच्याकडे बघून म्हणाला, "तुमी शिकवलं तसंच निघालं दादा." टोमणा नव्हता तो. आवाज रडवेला होता.

बायकोनं माझं मनगट सोडलं. म्हणाली, "चांगलं शिकवलंत हो."

वेल्डरनं खाली नवा पत्रा ठोकून दिला. पण डिकीचा तळ म्हणजे नुसतं झाकण नसतं, मागून ठोकर बसली तर तोच गाडी धरून ठेवतो, आणि आमच्या ओढाताणीत बाजूचा सांगाडाही चिरला होता. एवढी दुरुस्ती झाली म्हणून टॅक्सीच्या तपासणीला गाडी पुन्हा घेऊन गेलो तर तपासणाऱ्यानं खाली वाकून बॅटरी मारली आणि मान हलवली. भाड्यानं माणसं बसवायला ही गाडी चालणार नाही. त्याचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. मी त्या जागी असतो तर मीही नापास केली असती.

दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून काही दिवस फिरलो. गाडीत खोकणाऱ्या माणसाशेजारी आता कुणी बसत नाही. लोक तोंडावर काही म्हणत नाहीत, रुमाल लावतात आणि उतरल्यावर मालकाला फोन करतात. मालकानं चहा पाजून काढून टाकलं. मग मी घरी बसलो. घरी बसलेला पुरुष काय असतो ते घरी बसल्यावरच कळतं. बायको डबे करून द्यायला लागली, पहाटे उठून, आणि मी पडल्या पडल्या तिच्या लाटण्याचा आवाज ऐकायचो.

शेठचा फोन आला तेव्हा मी घरातच होतो. मोठं काम आलं होतं, अनुभवी माणूस पाहिजे होता. "उतरायचं नाही," शेठ म्हणाला, "वर बसून फक्त पोरांना सांगायचं." हे वाक्य मी बायकोला जसंच्या तसं सांगितलं. ती भाकरी थापत राहिली.

वर बसून लायनिंग होत नाही. हे शेठलाही माहीत होतं, मलाही, आणि मला वाटतं तिलाही. टाकीच्या तोंडाशी बसून खाली बघितलं तर नुसती डोकी दिसतात, हात दिसत नाहीत. एका नवीन माणसानं कोपरा नीट न घासताच मॅट टाकली, मला ते ग्राइंडरच्या आवाजावरूनच कळलं. मी शिडी धरली. वाणगावचा खाली होता. त्यानं वर बघितलं, "तुमी नका येऊ," म्हणाला, आणि मग सरकून मला जागा करून दिली. त्या दिवसानंतर तो माझ्याशी कामापुरतं बोलतो. त्याच्या हळदीला तोच वूफर वाजला. मी गेलो होतो, मागं खुर्चीवर बसून, जेवून आलो.

गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी आहे, प्लास्टिक घालून. विकायला काढली तर लोक डिकी उघडतात.

परत कामाला लागल्यावर पहिल्यांदा टाकीत उतरलो त्या संध्याकाळी मी घरी आलो आणि सवयीनं दारातच शर्ट काढला. हातात धरून उभा राहिलो. काय सांगायचं ते वाटेत ठरवून ठेवलं होतं: फक्त आजच, फक्त तो एक कोपरा, आणि पंखा चालू होता. ती आतून हात पुसत आली. माझ्या हातातून शर्ट घेतला, न हुंगता बादलीत टाकला, आणि म्हणाली, "आत या. जेवण गार होतंय."